‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’मधलं जोडकाम, आणि तरीही तो लाइव्ह कसा

प्रश्न विचारणाऱ्या तरुणाने तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. अमेरिकेतल्या ऑलमन ब्रदर्स बँडचा ‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’ हा इलेक्ट्रिक ब्लूजमधला सर्वांत चांगला लाइव्ह अल्बम, असं जो तो सांगतो; पण वीस-वीस मिनिटांची गाणी ऐकताना लक्ष उडतं, तर त्यात ऐकायचं काय? दुसरं, त्यातलं ‘यू डोन्ट लव्ह मी’ हे दोन वेगवेगळ्या खेळांतले तुकडे जोडून केलंय असं त्याच्या वाचनात आलं. मग ही फसवणूकच नाही का? आणि तिसरं, पुढच्या महिन्यात त्याच्या पाच जणांच्या बँडचा एका लहान सभागृहात कार्यक्रम आहे, तो रेकॉर्ड करून अल्बम काढायचाय, तर यातून काय शिकावं?

मी पुण्यात अठ्ठावीस वर्षं लाइव्ह साउंड आणि रेकॉर्डिंग करतोय. भजनापासून मेटलपर्यंत सगळं केलंय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्यातूनच निघतात.

हो, ‘यू डोन्ट लव्ह मी’मध्ये जोड आहे. लपवून ठेवलेलं काही नाही. ‘स्टॉर्मी मंडे’मधूनही थॉम डूसेटचा माउथ ऑर्गनचा तुकडा पहिल्या आवृत्तीत काढून टाकला होता, तो पुढे १९९२ च्या आवृत्तीत परत आला. २०१४ मध्ये तर १२ आणि १३ मार्च १९७१ चे चारही खेळ आणि २७ जूनची, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट थिएटरची शेवटची रात्र असा सहा सीडींचा संचच आला. म्हणजे कच्चा माल आता उघड्यावर आहे. ज्याला शंका आहे त्याने दोन्ही शेजारी ठेवून ऐकावं. मी ऐकलंय, आणि माझं मत असं की अल्बमचा निर्माता टॉम डाउड याने कात्री चालवली ती सराफाच्या हाताने.

कात्री म्हणतोय खरा, पण असायचं ब्लेड. आजच्या मुलांना हे काम कसं व्हायचं याची कल्पना नसते, म्हणून सांगतो. टेप सेकंदाला पंधरा इंच पळते असं धरा. गाण्याची लय मिनिटाला शंभर ठोक्यांची असेल तर एक ठोका म्हणजे नऊ इंच टेप. रीळ हाताने मागेपुढे फिरवायचं, टेप वाचणाऱ्या हेडवरून ‘व्हुऊप’ असा आवाज येतो, त्यात ड्रमचा ठोका नेमका कुठे सुरू होतो ते कानाने पकडायचं, तिथे मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची. मग टेप खाचेच्या ठोकळ्यात बसवून तिरकी कापायची. तिरकी अशासाठी की एका आवाजातून दुसऱ्यात जाताना खट्ट होऊ नये. दुसऱ्या तुकड्याचंही तसंच. मागून चिकटपट्टी. चुकलात तर कापलेला पाव इंच शोधायला जमिनीवर रांगायचं. मी नव्वदच्या दशकात एका जुन्या स्टुडिओत उमेदवारी करताना हे केलंय, आणि एकदा माझ्या चपलेच्या तळाला चिकटून एका गायिकेचा अख्खा आलाप कँटीनपर्यंत गेला होता.

आता विचार करा, दोन वेगळ्या खेळांतले तुकडे जोडायचे तर काय काय जुळायला हवं? लय. लय धरून देणारी क्लिकची टिकटिक कानात वाजत नव्हती तेव्हा कुणाच्या. सूर. आवाजाची उंची. आणि मुख्य म्हणजे मिजास. आधीच्या तुकड्यात बँड ज्या तापमानाला आला होता, त्याच तापमानाला पुढचा तुकडा सुरू व्हायला हवा. यातलं सुराचं काम एका यंत्राने थोडं सोपं केलं असणार: बँडचा गायक ग्रेग ऑलमन याचा हॅमंड बी-३ ऑर्गन. या ऑर्गनमध्ये दातेरी चक्रं फिरतात आणि ती फिरवणारी मोटर विजेच्या वारंवारितेला बांधलेली असते. अमेरिकेत वीज साठ हर्ट्झची, त्यामुळे गुरुवारी काय आणि शनिवारी काय, हॅमंडचा सा तिथेच. बाकीच्यांना त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. (तोच अमेरिकी ऑर्गन आपल्या पन्नास हर्ट्झवर लावला तर पाच-षष्ठांश वेगाने फिरेल, म्हणजे सा दाबल्यावर मंद्रातला शुद्ध धैवत वाजेल.) पण लय आणि मिजास कुठलंही यंत्र जुळवून देत नाही. ती जुळली, कारण हे सहा जण दर रात्री खरोखर तसंच वाजवत होते. खोट्या बँडचे दोन तुकडे जोडून दाखवा मला. शिवण लांबून दिसते.

आता फसवणूक कशाला म्हणायचं? माझ्या धंद्यात ‘लाइव्ह’ शिक्क्याखाली बरंच काही चालतं. गाणं नंतर स्टुडिओत पुन्हा गायचं, चुकलेलं सोलो पुन्हा वाजवायचं, टाळ्या दुसऱ्याच कार्यक्रमातून आणायच्या. याला मी फसवणूक म्हणतो. तिथे एकाने वाजवलेल्याला दुसऱ्याने दिलेलं उत्तर खोटं होतं, कारण उत्तर देताना समोर प्रश्नच वेगळा होता. तुकडे जोडण्यात मात्र प्रत्येक तुकड्याच्या आत सहाही जण एकमेकांना ऐकतच वाजवत असतात.

आणि मनात असतं तरी अशा स्टेजवर पुन्हा वाजवणं अवघड होतं. दोन ड्रम सेट शेजारी शेजारी, दोन गिटारींचे मार्शल अ‍ॅम्प्लिफायर, बेस, लेझ्ली नावाचा गरगर फिरणारा ऑर्गनचा स्पीकर, एक माउथ ऑर्गन. अशा जागी कुठल्याच माइकमध्ये एकटं वाद्य येत नाही. ड्रमच्या माइकात गिटार, गाण्याच्या माइकात ड्रम. आम्ही याला गळती म्हणतो, आणि नवशिके तिला शत्रू समजतात.

मीही समजायचो. वीसेक वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या सभागृहात मी एका बँडचा कार्यक्रम सोळा ट्रॅकवर, म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज वेगळा ठेवून, घेतला. गायकाचा घसा बसलेला, दोन कडवी सरळसरळ बेसूर. बँडवाले म्हणाले, दादा, स्टुडिओत परत गातो, बदलून टाका. बदललं. एकटा ऐकला तर आवाज सुंदर. सगळे ट्रॅक एकत्र लावले आणि अंगावर काटा आला: नव्या आवाजाच्या मागे, ड्रमच्या माइकांतून, जुना बेसूर आवाज भुतासारखा गात होता. अर्ध्या सुराने खाली, दूर, पण स्पष्ट. ड्रमचे वरचे माइक बंद केले तर झांजा गेल्या. शेवटी तो अल्बम निघालाच नाही. त्या दिवशी मला गळतीचा अर्थ कळला. सभागृहात त्या क्षणी सगळे एकत्र होते, याची ती साक्ष असते आणि ती पुसता येत नाही.

डाउडला हे माझ्यासारखं ठेच लागून शिकायची गरज नव्हती. हा माणूस ऐन तारुण्यात अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पाच्या कामात होता, पदार्थविज्ञानाचा. पुढे अटलांटिक रेकॉर्ड्समध्ये त्याने गायक रे चार्ल्स, जॅझमधला सॅक्सोफोनवाला कोलट्रेन असे लोक रेकॉर्ड केले. मिक्सरवर गोल बटणांच्या जागी सरकपट्ट्या आणणाऱ्यांतला एक तो. मार्च १९७१ मध्ये तो आफ्रिकेतलं काम आटपून न्यूयॉर्कला उतरला, तर कळलं की ऑलमन बंधू फिलमोर ईस्टमध्ये रेकॉर्ड करणार आहेत. फिलमोर ईस्ट म्हणजे मॅनहॅटनमध्ये सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर यिद्दिश नाटकांसाठी बांधलेलं जुनं थिएटर, साधारण २,६०० खुर्च्यांचं, १९६८ पासून कार्यक्रम भरवणाऱ्या बिल ग्रॅहमच्या ताब्यात. नाटकासाठी बांधलेली जागा असल्याने शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नीट पोचायचा. आपल्याकडेही जुन्या नाट्यगृहात बँड जितका चांगला वाजतो तितका नव्या कोऱ्या बँक्वेट हॉलमध्ये नाही वाजत, हे कुठलाही साउंडवाला सांगेल.

बाहेर ट्रक, ट्रकात सोळा ट्रॅकचं यंत्र. खेळ सुरू झाला आणि डाउडला स्पीकरमधून सॅक्सोफोन ऐकू येऊ लागले. कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने ग्रेगच्या थोरल्या भावाला, गिटारवाल्या ड्वेन ऑलमनला गाठून सांगितलं, हे वाजवणारे उद्या नकोत. ड्वेन हा काही कुणाचं मुकाट ऐकून घेणारा पोरगा नव्हता, पण ऐकलं. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: खेळ संपला की सगळे बिअर आणि सँडविच घेऊन अटलांटिकच्या स्टुडिओत जायचे आणि त्याच रात्री टेप ऐकायचे. हे गाणं झालं, हे उद्या परत घ्यायचं. त्यावरून दुसऱ्या दिवशीची यादी ठरायची. म्हणजे निवड तीन महिन्यांनी एसीत बसून झाली नाही, अंगातला घाम वाळायच्या आत झाली. शनिवारी तर बॉम्बच्या धमकीने शेवटचा खेळ उशिरा सुरू झाला आणि संपेपर्यंत सकाळचे सहा वाजत आले होते. पोस्टरवर जॉनी विंटर या दुसऱ्याच गिटारवाल्याचं नाव मोठं होतं, ही गंमत आज कुणाला आठवत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. वीस मिनिटं ऐकायचं काय?

हेडफोन लावा. दोन गिटारी दोन बाजूंना ठेवल्या आहेत. ‘स्टेट्सबरो ब्लूज’ सुरू झालं की स्लाइड, म्हणजे तारेवर काच सरकवून वाजवलेली गिटार, कुठल्या कानात आहे ते ओळखा, ती ड्वेनची. दुसऱ्या कानातला डिकी बेट्स. ड्वेन स्लाइडसाठी कोरिसिडिन या सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घालायचा. सर्दीने आजारी असताना वाढदिवसाला ग्रेगने त्याच्यासाठी ताज महाल या गायकाचा अल्बम आणि त्या गोळ्या आणल्या, आणि गोळ्या ओतून देऊन बाटली हातात आली, अशी गोष्ट घरातूनच सांगितली जाते. काचेमुळे स्वर तारेवरून सलग सरकतो. आपल्या कानाला त्यात मींड ऐकू येते, आणि ते बरोबरच आहे. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्धच्या मधे कुठेतरी हेलकावत असतो, गिटारच्या परद्यावर बोट ठेवून तो सहज सापडत नाही. विचित्र वीणा ऐकलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

‘स्टॉर्मी मंडे’ मूळ टी-बोन वॉकरचं, १९४७ चं. साडेआठ मिनिटांचं संथ गाणं. इथे ऑर्गनच्या सोलोला काय होतं ते बघा. लय तीच, पण मांडणी एकदम तीन-तीनच्या चालत्या वजनात जाते आणि सगळं गाणं हलकं होऊन तरंगायला लागतं. मग गिटार येते तेव्हा पुन्हा जमिनीवर. कुणी खूण केली, कुणी मान हलवली, काही कळत नाही. सहाही जण वळणावर एकत्र वळतात. दोन ड्रमवाले आहेत ना, बुच ट्रक्स आणि जेमो. बुच मालगाडीसारखा सरळ पुढे नेणारा, जेमो जॅझमधून आलेला, मधल्या जागा भरणारा. दोघांनी एकच ठेका धरला असता तर नुसता गोंगाट झाला असता.

‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ मात्र मी रात्री एकटा असताना लावतो. साडेबारा-तेरा मिनिटं, गाणं म्हणून एक शब्द नाही. नाव जॉर्जिया राज्यातल्या मेकनच्या रोझ हिल दफनभूमीतल्या एका थडग्यावरून घेतलेलं, रचना डिकी बेट्सची. सुरुवातीला गिटार सारंगीसारखी येते. तार छेडल्याचा आघातच नाही, स्वर आतून फुलत येतो. युक्ती साधी आहे: आवाजाचं बटण शून्यावर ठेवून तार छेडायची आणि मग करंगळीने बटण वर न्यायचं. घरी करून बघा, दहा मिनिटांत जमेल; सुरात आणि लयीत जमायला वर्ष जाईल. स्वरावली ज्याला तिकडे डोरियन म्हणतात ती, म्हणजे आपला काफी थाट. बेट्स आणि ड्वेन तेव्हा जॅझमधले माइल्स डेव्हिस आणि कोलट्रेन पाठ होईपर्यंत ऐकत होते, आणि त्यांच्याकडून त्यांनी घेतलेली मोठी गोष्ट म्हणजे एकाच स्वरावलीत पाय रोवून बसायचं धैर्य. कॉर्ड बदलून ऐकणाऱ्याला जागं ठेवायचं नाही. बढत करून ठेवायचं. ड्वेनचा सोलो शेवटाकडे कसा चढतो ऐका. बेरी ओकलीचा बेस त्याच्या मागून चालत नाही, अंगावर येतो. आपल्याकडे ख्याल ऐकताना तबल्याची साथ आणि गायक यांच्यात जे चालतं, ते इथे सहा जणांत चाललंय. वीस मिनिटं ‘तेच तेच’ वाटतं ते आपण फक्त पुढच्या गिटारकडे कान लावून बसतो म्हणून. एकदा फक्त बेस धरा. दुसऱ्यांदा फक्त ऑर्गन.

‘व्हिपिंग पोस्ट’. लोकांतून कुणीतरी गाण्याचं नाव ओरडतं, ड्वेन म्हणतो, ओळखलंत. मग ओकली एकटा. मोजा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. अकरा. ग्रेगने हे रचलं तेव्हा त्याला अकराचं काही गणित माहीत नव्हतं. तीनाचे तीन गट, आणि मग पुन्हा पहिल्यावर उडी घ्यायला दोन, एवढंच त्याच्या डोक्यात. थोरल्या भावाने सांगितलं, बाबा रे, ही अकराची लय आहे. आपण रुद्र ताल मोजत बसतो, या पोराने तो नकळत रचला. कडव्याला गाणं साध्या सहाच्या झुल्यात येतं, म्हणून त्या अकराचा धक्का परत आला की पोटात गोळा येतो. मध्यात एका ठिकाणी लय जवळजवळ विरून जाते, नुसते सूर आणि झांजांची सळसळ राहते. तिथे सभागृहातली शांतता ऐका. दोन हजारांवर लोक गप्प बसलेत, तेही १९७१ च्या न्यूयॉर्कमध्ये. कुठल्याही स्टुडिओत ही शांतता बनवता येत नाही.

‘यू डोन्ट लव्ह मी’ला एक बाजू आणि ‘व्हिपिंग पोस्ट’ला एक बाजू गेली, कारण रेकॉर्डच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांवर ताणलं की खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, बेस कमी करावा लागतो, आवाज बारीक होतो. तेवीस मिनिटांचं ‘व्हिपिंग पोस्ट’ रेकॉर्डवर खाच कापणाऱ्याने हातोहात वाचवलंय. अल्बममध्ये सातच गाणी, दोन रेकॉर्डी, आणि किंमत मुद्दाम एका रेकॉर्डच्या आसपास ठेवलेली. आधीचे दोन स्टुडिओ अल्बम पडले होते. हा जुलैमध्ये निघाला आणि ऑक्टोबरमध्ये गोल्ड झाला. २९ ऑक्टोबरला ड्वेन मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला, वय चोवीस. वर्षभराने, ११ नोव्हेंबर १९७२ ला, ओकली. तोही मेकनमध्येच, मोटरसायकलवरच. मुखपृष्ठावर दोघेही विटांच्या भिंतीपुढे खोक्यांवर बसून खदखदून हसताहेत.

आता तुमचा कार्यक्रम. सभागृह लहान आहे, म्हणजे गळती भरपूर असणार. तिच्याशी भांडू नका. गिटार अ‍ॅम्प ड्रमच्या जितके जवळ ठेवता येतील तितके ठेवा, एकमेकांचं स्टेजवरच ऐकू यावं. स्टेजवरचे मॉनिटर स्पीकर कमीत कमी. पाच जण एकमेकांकडे बघू शकतील असे अर्धवर्तुळात उभे राहा, लोकांकडे तोंड करून रांगेत नको. फोटो वाईट येतील, रेकॉर्डिंग चांगलं येईल. दोन माइक सभागृहासाठी वेगळे ठेवा, रांगांच्या वर, भिंतीपासून दूर. प्रत्येक चॅनेलची लेव्हल तालमीत लागते त्यापेक्षा बरीच खाली लावा, कारण लोक समोर आले की तुम्ही जोरात वाजवणार, सगळेच वाजवतात. आणि जमलं तर लागोपाठ दोन संध्याकाळी करा, पहिल्या रात्री झोपायच्या आधी पाचही जणांनी बसून ऐका आणि दुसऱ्या दिवशीची यादी त्यावरून ठरवा. मग जोडायची वेळ आली तर बिनधास्त जोडा, फक्त जोडाच्या दोन्ही बाजूंना सगळा बँड आहे तसा ठेवा. एकट्या गिटारचा तुकडा उचलून दुसरीकडे चिकटवू नका. वर सांगितलेलं भूत तिथेच बसतं.

‘व्हिपिंग पोस्ट’च्या अगदी शेवटी, टाळ्या सुरू झाल्यावरही, ड्रम थांबत नाहीत आणि एक नवीनच धून डोकावते न डोकावते तोच आवाज मिटतो. ती ‘माउंटन जॅम’ची सुरुवात. बँड तसाच पुढे अर्ध्या तासाहून जास्त वाजवत राहिला होता. या अल्बममध्ये जागा नव्हती. पण ट्रकातल्या माणसाने यंत्र चालू ठेवलं होतं, म्हणून १९७२ मध्ये, ड्वेन गेल्यानंतर, ‘ईट अ पीच’ या पुढच्या अल्बमवर ते वाजवणं लोकांना मिळालं. त्यामुळे दोन गाण्यांच्या मधे रेकॉर्डिंग बंद करू नका. कार्यक्रम संपला, आभार मानून झाले, लोक उठायला लागले, तरी नाही. शेवटची केबल निघेपर्यंत लाल दिवा चालू ठेवा, आणि हार्ड डिस्कवर आधी पुरेशी जागा आहे ना, ते दुपारीच बघा.